साडेतेरा तासांचा हिशेब

पुणेकर कोणत्याही गोष्टीचा आधी दर काढतो. किलोला किती, तासाला किती, माणशी किती. या कसोटीवर २०० किलोमीटरच्या सायकल ब्रेव्हेइतका किफायतशीर व्यवहार दुसरा नाही. अट एकच, तो सावकाश करावा. नाव नोंदवताना पंचविशीतला पोरगा जेवढे पैसे भरतो तेवढेच साठी ओलांडलेले आम्हीही भरतो. तो सकाळी सहाला निघतो आणि दुपारी दोनला घरी जेवायला बसतो. तेवढ्याच पैशांत आम्ही संध्याकाळी साडेसातपर्यंत रस्त्यावर असतो. सूर्योदय, सूर्यास्त, मधलं सगळं ऊन आणि दोन्ही दिशांचा वारा, सगळं आमच्या वाट्याला येतं. तासाचा दर काढला तर त्याला हा दिवस आमच्यापेक्षा जवळजवळ पावणेदोनपट महाग पडतो. एवढे महागडे शर्ट घालणारी मुलं असला आतबट्ट्याचा धंदा का करतात, कळत नाही.

ब्रेव्हे ही शर्यत नाही. हे वाक्य मी घरी, सोसायटीत आणि डॉक्टरांसमोर इतक्या वेळा म्हटलं आहे की आता लोकच ते माझ्या आधी पूर्ण करतात. पॅरिसमध्ये १९०४ साली सुरू झालेल्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांप्रमाणे जगभर हा प्रकार चालतो. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. चारही अंतरं एका हंगामात पुरी केली की माणूस ‘सुपर रांदोनर’ होतो. मागे मदतीची गाडी नाही, पंक्चर आपलं आपण काढायचं, रस्ता आपला आपण शोधायचा आणि वाटेतल्या कंट्रोलवर वेळेत पोचून कार्डावर शिक्का घ्यायचा. क्रमांक नाही, करंडक नाही. फार लवकर पोचण्यालाही परवानगी नाही. कंट्रोल उघडण्याची वेळ ताशी ३४ किलोमीटर धरून काढलेली असते, त्यामुळे २०० किलोमीटर ५ तास ५३ मिनिटांच्या आत संपवणाऱ्याला दाराशी ताटकळत थांबावं लागतं. आमच्या वयाच्या मंडळींनी या कलमाचा आजवर कटाक्षाने आदर राखला आहे.

या नियमांत वयोगट मात्र नाहीत. महाराष्ट्राची एसटी पासष्टीनंतर अर्ध्या तिकिटात आणि पंचाहत्तरीनंतर फुकट पाचगणीला नेऊन आणते. फ्रेंचांनी ज्येष्ठ नागरिकाला एका मिनिटाचीही सवलत ठेवलेली नाही. याच फ्रेंचांनी पूर्वी एकदा सवलत देऊ केली होती, ती कशी हातची गेली हेही सांगायला हवं. ‘टूर द फ्रान्स’ सुरू करणारा आंरी देग्रांज याचं १९०२ साली ठाम मत होतं की, गिअर ही पंचेचाळिशी उलटलेल्यांची सोय आहे, खऱ्या गड्याने एकाच गिअरवर स्नायूंच्या जोरावर जिंकावं. त्याच्या शर्यतीत गिअर बदलायच्या यंत्राला १९३७ पर्यंत मनाई होती. थोडक्यात, गिअर हे मुळात ज्येष्ठांसाठी राखीव होते. आज पाचगणीचा घाट बावीस-बावीस गिअर लावून चढणारी ही सगळी पोरं आमच्या कोट्यातून प्रवास करताहेत.

मार्ग असा. पुणे, कात्रज, खेड शिवापूर, शिरवळ, खंबाटकीचा घाट, सुरूर फाटा, वाई, पसरणीचा घाट, पाचगणी आणि आल्या वाटेने परत.

निघण्यापूर्वी दिवे तपासतात. पुढे पांढरा, मागे लाल, डोक्यावर हेल्मेट आणि अंगावर चमकणारं जाकीट. माझ्या पिढीच्या पुणेकराचा या क्षणी कंठ दाटून येतो. आमच्या कॉलेजच्या काळात बिनदिव्याची किंवा डबलसीट सायकल दिसली की पोलीस शिटी मारायचा आणि चाकातली हवा सोडायचा. त्यानंतर सगळा जन्म गेला, स्कूटर झाली, मोटार झाली, आणि आज पुन्हा कुणीतरी तितक्याच संशयाने विचारतं, “काका, मागचा दिवा लागतो ना?”

भोवती मुलं ग्रॅममध्ये बोलत असतात. कुणी बाटलीचा पिंजरा कार्बनचा घेतला, त्यात तीस ग्रॅम वाचले. कुणी सीटखालची नळी बदलली, आणखी नव्वद वाचले. आमच्याकडे वजनाची चर्चा किलोतच होते आणि ती डॉक्टर करतात. आमच्या पिशवीत दोन ट्यूब, पंप, खजूर, शेंगदाण्याचे लाडू, मीठ-साखरेची पुडी, रक्तदाबाची गोळी, ती घेतल्याचं लक्षात राहावं म्हणून चिठ्ठी, आणि जवळचा चष्मा. चष्म्याचं दुखणं वेगळंच आहे. तो लावला की गार्मिनच्या पडद्यावरचा रस्ता दिसतो पण समोरचा खड्डा दिसत नाही, काढला की खड्डा स्पष्ट दिसतो, फक्त तो कोणत्या गावातला आहे ते कळत नाही.

बरोबर सहाला सगळे निघतात. कात्रजच्या चढापर्यंत आम्ही एकाच कार्यक्रमात भाग घेतो आहोत असं वाटत राहतं. चढ संपेपर्यंत समोरचे लाल दिवे एकेक करून मालवलेले असतात आणि मग सुरू होतो खरा मामला, म्हणजे अंकगणित.

ताशी १५ किलोमीटर ऐकायला किरकोळ वाटतं. पण ही सरासरी चहासकट, पंक्चरसकट आणि फोनसकट असते. मी चालत्या सायकलवर ताशी १९ राखू शकतो, म्हणजे २०० किलोमीटरला साडेदहा तास. उरले तीन. सायकलवाले याला ‘टाइम बँक’ म्हणतात आणि म्हातारपणी या खात्यात जमा कमी, उचल फार. साठीनंतर पुरुषाच्या ओटीपोटातली एक छोटीशी ग्रंथी दिवसाच्या कार्यक्रमाची सूत्रं हाती घेते. तिच्यासाठी तासाला पाच मिनिटं धरा, तासभर तिथेच गेला. बसल्यावर उठायला लागणारा वेळ आणि उठल्यावर कमरेने सरळ व्हायला लागणारा वेळ हे दोन स्वतंत्र खर्च आहेत. चेन पडली, गोळा आला, गोळा आला की चेन पडली होती असं सांगत थांबलो, असे किरकोळ धनादेश वेगळेच. पंचविशीतला मुलगा घाटाशी झुंजतो. आमची झुंज मिसळीशी असते. मिसळीला पंचवीस मिनिटं लागतात, आणि तिच्यानंतरची दहा किलोमीटर जी सुस्ती येते तिची आणखी दहा. पस्तीस मिनिटांत सपाट रस्त्यावर अकरा किलोमीटर होतात. समोर वाफाळती मिसळ असताना असा भागाकार करणाऱ्या माणसाला आयुष्यात कुठलाच मोह भुलवू शकत नाही.

मागे राहणाऱ्याची सामाजिक जबाबदारीही मोठी असते. खेड शिवापूरच्या पुढे पहाट फुटत असते आणि कुत्री झोपलेली असतात. पहिला सायकलवाला सणसणत जातो, तेव्हा ती जागी होतात. मधला घोळका जातो, तेव्हा त्यांच्या डोक्यात राग शिरतो. त्यांची सभा भरते, ठराव मंजूर होतो आणि अंमलबजावणीच्या वेळी रस्त्यावर आम्ही असतो. पुढच्यांनी केलेल्या आगळिकीचं स्पष्टीकरण सात-आठ कुत्र्यांना देत देत जावं लागतं, तेही ताशी १९ च्या पलीकडे न जाता.

चहाच्या टपरीवरही खुलासा आम्हालाच द्यावा लागतो, कारण पुढचे कुणी थांबलेलेच नसतात. शिरवळच्या अलीकडे टपरीवाल्याने विचारलं,

“कुठून आलात, काका?”

“पुण्याहून.”

“आणि कुठं?”

“पाचगणी.”

“मुक्काम?”

“नाही, आजच परत.”

त्याने साखर घालता घालता हात थांबवला. “बक्षीस किती ठेवलंय?”

“बक्षीस नसतं. मेडल असतं.”

“सोन्याचं?”

“नाही. आणि त्याचे पैसे वेगळे भरायचे.”

तो बराच वेळ माझ्या सायकलकडे, मग माझ्या गुडघ्यांकडे आणि शेवटी माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. चहाचे पैसे त्याने घेतले नाहीत. घरात कुणी मोठं माणूस आहे ना, एवढं मात्र विचारून घेतलं.

खंबाटकीचा घाट जाताना चढायचा, येताना बोगदा. घाट उतरला की उसाचा प्रदेश लागतो आणि हंगाम असेल तर आमचे खरे सवंगडी भेटतात. दोन ट्रॉल्या उसाने ओथंबलेला ट्रॅक्टर हे महामार्गावरचं एकमेव वाहन माझ्या वयोगटातलं आहे. चढावर मी त्याला गाठतो, उतारावर तो मला. पुढच्या चढावर पुन्हा भेट. त्याच्या स्पीकरवरचं गाणं असं हप्त्याहप्त्याने संपूर्ण ऐकून होतं. तिसऱ्या भेटीला ड्रायव्हरने उसाचं एक कांडं पुढे केलं. बाहेरची मदत फक्त कंट्रोलवरच घ्यावी असा नियम आहे. उसाच्या कांड्याचा त्यात उल्लेख नाही, त्यामुळे मी नियमाचा अर्थ लावत बसलो नाही.

वाईजवळ शनिवारची सकाळची शाळा सुटलेली होती. गणवेशातल्या दोन मुली एका सायकलवर डबलसीट आल्या. पुढची पायडल मारत होती, मागची भेळ खात होती. दोघींनी मला गाठलं, मागचीने वळून सायकलचं बारकाईने निरीक्षण केलं आणि विचारलं, “आजोबा, बॅटरी संपली का?” उत्तराची वाट न बघता त्या पुढे गेल्या. कोपऱ्यावर दिसेनाशा झाल्या तेव्हा भेळ बहुधा संपत आली असावी.

वाईला मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली जगातलं ज्ञान या गावात अकारविल्ह्याने लावायला घेतलं गेलं. पण नव्वदाव्या किलोमीटरला डोक्यात जो प्रश्न उठतो, तो कोणत्या अक्षराखाली शोधायचा हे कुणीच सांगितलेलं नाही. त्यातून प्रश्न विचारायला वेळही नसतो, कारण गाव संपताच पसरणीचा घाट सुरू होतो.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर, वाई सातशेच्या आसपास आणि पाचगणी तेराशेच्या. म्हणजे जवळजवळ सहाशे मीटर उंची या शेवटच्या बारा-तेरा किलोमीटरमध्ये गाठायची. इथे माझा वेग ताशी सातवर येतो. या वेगाचे फायदे पुढच्या मुलांना ठाऊक नाहीत. धोम धरणाचं पाणी प्रत्येक वळणावर थोडं खाली आणि थोडं रुंद होत जातं, ते सगळं पाहून होतं. उतरणाऱ्या मोटारींच्या ब्रेकचा जळका वास कोणत्या मोटारीचा हे ओळखता येऊ लागतं. कठड्यावरची माकडं मोटारवाल्यांकडे आशेने बघतात, तर आमच्या बाजूने निवांत चालत येऊन पिशवीची तपासणी करतात. त्यांना घाई करावी लागत नाही.

याच घाटात उतरणारी आपली मुलं समोरून भेटतात, कारण ती केव्हाच शिक्का घेऊन परत फिरलेली असतात. सगळी सभ्य घरातली आहेत. प्रत्येक जण ओरडतो, “काका, थोडंच राहिलंय!” पहिल्याने हे सांगितलं तेव्हा मी पायथ्याशी होतो. नंतर दहा-बारा जणांनी सांगितलं. कुणी दोन किलोमीटर म्हणालं, कुणी दोनच वळणं. हॅरिसन्स फॉली पॉइंटच्या अलीकडे, खरोखरच थोडं राहिलं होतं तेव्हा, सांगायला कुणी उरलं नव्हतं.

१०५ व्या किलोमीटरचं कंट्रोल सात तासांनी बंद होतं, म्हणजे सहाला निघालेल्याने एकच्या आत पोचायचं. कंट्रोलवरच्या स्वयंसेवक मुलाने घडी घालायला घेतलेली खुर्ची मला पाहून पुन्हा उघडली. शेवटच्या माणसासाठी त्याला थांबावंच लागतं, आणि तो माणूस आपण असलो की आपण अख्ख्या यंत्रणेचे यजमान असल्यासारखं वाटतं. शिक्का मारताना तो म्हणाला, “काका, अजून अकरा मिनिटं आहेत. निवांत बसा.” आमच्या वयाला अकरा मिनिटांत निवांत बसता येत नाही. फक्त बसता येतं.

तेवढ्यात घरून फोन आला. “पोचलास का?”

“पोचलो. आता निघतोय.”

“म्हणजे पाचगणीला जाऊन नुसता शिक्का घेऊन यायचा? एसटीने अर्ध्या तिकिटात गेला असतास. आता गेलाच आहेस तर स्ट्रॉबेरी आण.”

शंभर किलोमीटर सायकलवर हादरत आलेली स्ट्रॉबेरी घरी पोचेपर्यंत जॅम होते, हे साधं भौतिकशास्त्र आहे. म्हणून मी थेट जॅमची बाटलीच घेतली. अर्धा किलोचा ऐवज, शिवाय काच. पिंजऱ्यात तीस ग्रॅम वाचवणारा मुलगा तिथे असता तर त्याला भोवळ आली असती.

परतीचा रस्ता कागदावर उतार आहे. ज्याने कागद केला त्याने वारा धरलेला नाही. वाई ते सुरूर तोंडावर वारा, आणि वर ऊन. अशा वेळी मला सेंट-एतिएनचा पॉल द व्हिव्ही आठवतो. १८५३ साली जन्मलेला हा गृहस्थ ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने सायकलवर लिहायचा, गिअरचा पुरस्कार करायचा, आणि लांब पल्ल्याच्या प्रवाशांसाठी त्याने सात नियम घालून दिले होते. थांबे थोडे आणि छोटे ठेवा. भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या. थंडी वाजण्याआधी अंगावर घाला. प्रवासात दारू, मांस आणि तंबाखू टाळा. आणि शेवटचा नियम, प्रौढीखातर पायडल मारू नका. सातातले सहा तर आमच्या आजीने विनामूल्य सांगितले होते. तहानेचा नियम मात्र आमच्यासाठी खास मोलाचा, कारण वय वाढतं तशी तहानेची जाणीव खरोखर मंदावते. शरीर कोरडं पडलेलं असतं आणि मेंदूला त्याची खबरच नसते. सातवा नियम पाळायला मला काडीचाही त्रास होत नाही. माझ्या वेगात प्रौढीला जागाच नाही. आमच्या सोसायटीतल्या मंडळींचं मत थोडं वेगळं आहे. त्यांच्या मते मी प्रौढी सायकलवर मारत नाही, उतरल्यावर मारतो.

आणि वय झालं, असं म्हणून सुटायची सोयही फ्रेंचांनी ठेवलेली नाही. रोबेर मार्शां नावाचा माणूस १९११ साली जन्मला. शंभर वर्षांचा असताना, २०१२ साली, त्याने ट्रॅकवर एका तासात २४.२५ किलोमीटर सायकल चालवली. २०१४ साली तो पुन्हा आला आणि २६.९२७ किलोमीटर गेला. शास्त्रज्ञांनी तपासलं तर १०१ ते १०३ या वयात नेमका व्यायाम करून त्याची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे १३ टक्क्यांनी वाढलेली निघाली. १०५ व्या वर्षी त्याने आणखी एक तासाची फेरी काढली आणि १०९ व्या वर्षी देह ठेवला. सपाट रस्त्यावर तो माझ्याबरोबर निघाला असता तर तासाभराने माझ्यापुढे आठ किलोमीटर असता. डॉक्टर मला म्हणतात, “या वयात एवढं कशाला?” मी त्यांना मार्शांचं नाव सांगतो. ते माझा कार्डिओग्राम दाखवतात. दोघंही आपापला पुरावा घेऊन बसतो.

खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर येईस्तोवर उन्हं कलतात. हिवाळ्यात शिरवळच्या पुढे अंधार पडतो आणि सकाळी तपासलेला दिवा कामाला येतो. या वेळी पुढची मुलं आंघोळ करून, झोप काढून, व्हॉट्सॲपवर आपले आकडे टाकून मोकळी झालेली असतात. कुणी सरासरी २८ लिहितो, त्याखाली आगीची चित्रं पडतात. आम्ही कात्रजच्या चढावर असताना ते सगळं खिशात टणटणत असतं. बंद व्हायला दहा-बारा मिनिटं असताना मी शेवटच्या कंट्रोलवर पोचलो. कार्डावर वेळ लिहिली गेली. जॅमची बाटली शाबूत होती.

दुसऱ्या दिवशी सोसायटीत पहिला प्रश्न, “कितवा आलास?” बालवाडीपासून आपल्याकडे हा प्रश्न माणसाच्या मागे लागतो आणि कुठपर्यंत सोडत नाही याचा मला आता अंदाज आहे. मी सांगितलं, यात क्रमांक नसतो, वेळेत पुरं केलं की सगळे सारखे. विचारणाऱ्याने अत्यंत सहानुभूतीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “म्हणजे शेवटून पहिला,” तो म्हणाला.

आता ३०० किलोमीटरचं नाव नोंदवलं आहे. २० तास म्हणजे दर आणखी उतरतो. स्वयंसेवक मुलाने काळजीने सांगितलं, “काका, त्यात रात्र येते.” मी म्हटलं, रात्र आली तर उत्तमच. रात्री कुत्री मुळात जागीच असतात, त्यांना उठवायला कुणाला पुढे जावं लागत नाही. पंचविशीतला असो की पासष्टीतला, जो जाईल त्याच्या मागे लागतात. ऑडॅक्सच्या नियमांतली समानता इतकी काटेकोरपणे पाळणारे दुसरे कुणी मी पाहिलेले नाहीत.